मुलचेऱ्याची पहिली इयत्ता आणि आमचा भाषाभिमान

२०२५ सालच्या एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस महाराष्ट्र सरकारनें एक निर्णय काढला. मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून पहिल्या इयत्तेपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीनें शिकवावी, असा त्याचा आशय होता. पुढें काय झालें तें सर्वांच्या स्मरणांत आहे. सभा झाल्या, पत्रकें निघालीं, साहित्यिकांनीं व शिक्षणतज्ज्ञांनीं लेखण्या सरसावल्या. १७ जूनला निर्णयाची भाषा थोडी मवाळ झाली, तरी लोकांचें समाधान झालें नाहीं. आणि अखेर २९ जूनला सरकारला दोन्ही निर्णय मागें घ्यावे लागले. त्या वादांत राजकारण पुष्कळ होतें. पण त्याच्या बुडाशीं एक निखळ शैक्षणिक सिद्धान्तही होता, आणि तो होता म्हणूनच घरोघरच्या आईबापांस तो वाद आपला वाटला. तो सिद्धान्त असा कीं, सहा वर्षांच्या मुलास आधीं त्याच्या घरच्या भाषेंत नीट वाचूं-लिहूं द्यावें. ती बैठक पक्की होण्यापूर्वीं परक्या भाषेचें ओझें त्याच्या डोक्यावर ठेवूं नये. हा सिद्धान्त आम्ही तेव्हां मानीत होतों, आजही मानतों. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तो पुण्याच्या सदाशिव पेठेंत जितका खरा, तितकाच गडचिरोली जिल्ह्यांतील मुलचेरा तालुक्यांतही खरा असला पाहिजे. तेथें तो खरा नसेल, तर २०२५ सालीं आपण जें मांडलें त्याला सिद्धान्त हें नांव शोभत नाहीं. ती केवळ आपली सोय होती.

मुलचेरा हें नांव आमच्या पुष्कळ वाचकांनीं ऐकलेंही नसेल. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्याच्या बारा तालुक्यांपैकीं हा एक. चामोर्शी, अहेरी आणि एटापल्ली हे त्याचे शेजारी. साग, बांबू, मोह आणि तेंदू यांचें हें रान. त्यांतील जुनी वस्ती गोंड व माडिया लोकांची. माडिया गोंड ही सरकारनें विशेष दुर्बल म्हणून ठरविलेल्या महाराष्ट्रांतील तीन जमातींपैकीं एक. कातकरी आणि कोलाम या उरलेल्या दोन. १९६० नंतरच्या काळांत पूर्व पाकिस्तानांतून परागंदा होऊन आलेल्या बंगाली कुटुंबांना सरकारनें याच रानांत वसविलें. सुंदरनगर, विवेकानंदपूर हीं गांवांचीं नांवेंच त्या वसाहतींची ओळख पटवितात. दक्षिणेकडून तेलुगूही कानावर येतें. आणि शाळा, कचेरी, दवाखाना व मोटारतळ येथें मराठी. म्हणजे महाराष्ट्राच्या एका लहानशा तालुक्यांत दोन भिन्न कुळांतील चार-पांच भाषा नांदतात. पण पहिल्या इयत्तेच्या फळ्यावर त्यांपैकीं एकच उमटते. ती मराठी. आणि तेथील कितीएक मुलांच्या कानीं ती शाळेच्या उंबरठ्यावरच प्रथम नीट पडते.

या गोष्टीनें काय बिघडतें, हें समजण्यासाठीं वाचन म्हणजे काय याचा थोडा विचार केला पाहिजे. वाचनांत दोन क्रिया आहेत. अक्षर पाहून ध्वनि काढणें ही पहिली. त्या ध्वनींतून अर्थ ओळखणें ही दुसरी. आपल्या घरांतील मूल शाळेंत जातें तेव्हां दुसऱ्या क्रियेची तयारी त्याच्यापाशीं सहा वर्षांची झालेली असते. आईच्या मांडीवर त्यानें अंगाई ऐकलेली असते, आजीकडून चिमणी-कावळ्याची गोष्ट शंभर वेळां वदवून घेतलेली असते, भावंडांशीं भांडतांना ‘माझें’ आणि ‘तुझें’ या सर्वनामांचा त्यानें भरपूर उपयोग केलेला असतो. म्हणून ‘पा’ आणि ‘णी’ हे दोन ध्वनि त्यानें कसेबसे जुळविले कीं पाण्याचा पेला त्याच्या डोळ्यांपुढें आपोआप उभा राहतो. ही जी आंतून मिळणारी साक्ष, तीच वाचनाची खरी गुरुकिल्ली आहे. तिच्यामुळें मुलाला आपली चूक कळते, पुढचा शब्द ओळखतां येतो, आणि मुख्य म्हणजे वाचण्याची गोडी लागते.

आतां माडिया मूल घ्या. त्याच्या भाषेंत पाण्याला ‘येर’ म्हणतात. गुरुजींनीं कष्ट करून ‘पा’ शिकविला, ‘णी’ शिकविला. मुलानें तेवढेच कष्ट करून दोन्ही जुळविले आणि मोठ्यानें ‘पाणी’ म्हटलें. पुढें काय? आंतून साक्ष देणारें कोणीच नाहीं. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? मुलाच्या दृष्टीनें तो दोन ध्वनींचा एक निरर्थक गट आहे. ‘पाणी’ काय आणि ‘णीपा’ काय, सारखेंच. असे शेंकडों गट तें पाठ करतें. त्याची बुद्धि तल्लख असल्यामुळें तें पाठही चांगलें करतें. तिसऱ्या-चौथ्या इयत्तेपर्यंत धडाच्या धडा घडाघडा म्हणून दाखवितें. तपासणीस आलेला अधिकारी खूष होऊन जातो. पण ‘यांत काय सांगितलें आहे, बाळ?’ एवढें कोणी विचारलें कीं मूल खालीं पाहूं लागतें. याला आम्ही वाचन म्हणत नाहीं.

आपल्या परंपरेलाही ही विद्या अगदीं अपरिचित नाहीं. जुन्या पंतोजींच्या शाळेंत मुलें धुळाक्षरें गिरवितांना ‘ओनामासीधं’ असा घोष करीत. तो मूळचा ‘ॐ नमः सिद्धम्’ हा मंगलाचार आहे, हें त्यांपैकीं कितीकांना ठाऊक होतें? आरंभाला ‘ओनामा’ म्हणण्याची चाल त्यावरूनच पडली. पण पंतोजींच्या शिष्याचें फारसें बिघडलें नाहीं. कारण तो निरर्थक मंत्र एका ओळीचा होता, आणि ती ओळ संपली कीं पुढें त्याची स्वतःची मराठी त्याची वाट पाहत होती. मुलचेऱ्याच्या रानांतील मुलाचा ओनामा चार-चार वर्षें संपत नाहीं.

शिवाय ही अडचण केवळ शब्दसंग्रहाची नाहीं. मराठी आर्य कुळांतील भाषा. गोंडी आणि माडिया या द्राविडी कुळांतील. द्राविडी भाषांच्या मूळ शब्दसंपत्तींत ख, घ, ठ, ढ, भ असे महाप्राण वर्ण नाहींत. आणि आपला तक्ता तर कंठ्यांतील दुसऱ्याच वर्णापासून तेच दाखवूं लागतो. गोंडींत नामांचे वर्ग दोन, एक पुरुषवाचकांचा व दुसरा बाकी सर्वांचा; मराठींत ‘तो, ती, तें’ असे तीन, आणि खुर्ची ती कां व टेबल तें कां याला आपल्यापाशींही उत्तर नाहीं. आपलें मूल ही व्यवस्था दुधाबरोबर शिकतें. माडिया मुलानें ती अक्षरांच्या बरोबरीनें, त्याच तासांत, त्याच फळ्यावर, एकाच वेळीं शिकावी, अशी आपली अपेक्षा असते. त्यांतच भिंतीवरचा तक्ता ‘अ अननसाचा’ असें बजावीत असतो. ज्या मुलानें मोहाचीं फुलें वेंचलीं आहेत, तेंदूचीं पानें खुडून त्यांचे पुडे बांधलेले पाहिले आहेत, बांबूचे उपयोग ज्याला मोठ्या माणसांइतके ठाऊक आहेत, त्याला अक्षरओळख अननसाच्या द्वारें! त्याच्या ज्ञानाचा एक कणही शाळेच्या कामीं येऊं नये याची ही जणूं योजनापूर्वक व्यवस्था आहे.

लेखनाची कथा याहून निराळी नाहीं. फळ्यावरचें पाटीवर आणि पुस्तकांतलें वहींत उतरविणें, याला आपण लेखन म्हणत आलों आहों. वळण सुंदर येतें. वही पाहून शाबासकी मिळते. पण स्वतःच्या मनांतलें एक वाक्य कागदावर उतरविणें हें लेखनाचें पहिलें लक्षण. ‘आज मी रानांत गेलों, तेथें मला ससा दिसला,’ एवढेंच तें वाक्य असेल. पण तें मुलाचें असलें पाहिजे. ज्या भाषेंत मुलाला असें वाक्य मनांतच रचतां येत नाहीं, त्या भाषेंत तें लिहिणार कोठून? तें चित्रकार होतें, अक्षरांचा चित्रकार. लेखक होत नाहीं.

बंगाली गांवांतील मुलांची अडचण वेगळ्या प्रकारची, पण तितकीच खरी. त्यांची भाषा मराठीची चुलतबहीण असल्यामुळें अर्थाचा रस्ता त्यांना थोडा सोपा. पण ध्वनि आणि लिपि दोन्हींत पेंच आहे. बंगालींत ‘व’ आणि ‘ब’ यांचा उच्चार एकच झाला आहे, ‘ण’ आणि ‘न’ यांतील भेद उच्चारांत उरलेला नाहीं, ‘स’काराचें काम बहुधा ‘श’कारानेंच चालतें, आणि आपला लाडका ‘ळ’ तर तेथें मुळींच नाहीं. म्हणून एखाद्या बंगाली मुलानें ‘वाचन’ ऐवजीं ‘बाचन’ लिहिलें, तर तो त्याचा निष्काळजीपणा नव्हे. त्याच्या कानानें त्याला जें प्रामाणिकपणें सांगितलें, तें त्यानें प्रामाणिकपणें लिहिलें. ज्या शिक्षकाला ही गोष्ट माहीत आहे, तो हंसून दोन ध्वनींतील फरक ओठांच्या हालचालीनें दाखवील. ज्याला माहीत नाहीं, तो तांबड्या शाईची फुली मारील. आणि खेदाची गोष्ट अशी कीं, शिक्षकाला ती माहीत असावी अशी व्यवस्था आपण केलेलीच नाहीं.

मग नापासाचें खापर कोणाच्या माथीं फुटतें? आधीं मुलाच्या: ‘या लोकांना शिक्षणाची आवडच नाहीं.’ मग आईबापांच्या: ‘मोहाच्या दिवसांत मुलांना रानांत नेतात.’ शेवटीं शिक्षकाच्या: ‘पगार घेतात, शिकवीत नाहींत.’ नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण येथें उलटी लागू पडते. येथें अंगण खरोखरच वांकडें आहे आणि बोल मात्र नाचणाऱ्याला! शिक्षक तर या प्रकरणांतील दुसरा बळी आहे. परजिल्ह्यांतून बदलून आलेला मराठी भाषक तरुण, भाषा न कळणाऱ्या तीस डोळ्यांपुढें उभा केलेला; दोन-दोन इयत्ता एका खोलींत; वर माहितीचीं कोष्टकें भरण्याचा रोजचा तगादा. त्यानें माडिया कोठें शिकावी? त्याच्या पदविकेच्या अभ्यासांत तिला जागा नसेल, तर त्याच्यावर दोष ठेवण्याचा आपणांस काय अधिकार?

आतां कोणी म्हणेल, वाचनाची दुर्दशा तर साऱ्या देशांत आहे. मुलचेऱ्याचें एवढें काय? दुर्दशा आहे, यांत शंका नाहीं. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या ग्रामीण पाहणींत २०२४ सालीं तिसऱ्या इयत्तेंतील शंभर मुलांपैकीं सुमारें २७ मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचतां आला. पांचवींतसुद्धां हें प्रमाण निम्म्याच्या आंतच राहिलें. ज्या मुलांच्या घरची भाषा आणि शाळेची भाषा एकच, अशीं मुलेंही या हिशेबांत आहेत. त्यांची ही स्थिति असेल, तर ज्यांना लिपि आणि भाषा हीं दोन्ही ओझीं एकदम उचलावीं लागतात त्यांच्याकडून आपण काय अपेक्षितों? सर्वांचा ताप एकच आहे असें म्हणून सर्वांना एकच काढा देणारा वैद्य ज्या योग्यतेचा, त्याच योग्यतेचें हें उत्तर आहे.

बरें, कायद्यांत कांहीं उणीव आहे काय? मुळींच नाहीं. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्यानें करावा, असें घटनेचें ३५०-अ हें कलम सांगतें. तें १९५६ सालच्या सातव्या दुरुस्तीनें आलें आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचें २९ वें कलम, शक्य असेल तेथवर शिक्षणाचें माध्यम मुलाची मातृभाषा असावें, असें सांगतें. २०२० चें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तेंच पुन्हां सांगतें. ५ जुलै २०२१ रोजीं सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ योजनेनें तर मुदतच घालून दिली: २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीच्या अखेरीस अर्थ समजून वाचतां आलें पाहिजे, आणि तेंही मिनिटाला निदान साठ शब्द या वेगानें. शब्द मोजायला घड्याळ पुरतें. अर्थ मोजायला मात्र मुलाची भाषा जाणणारा माणूस लागतो, आणि तो नेमण्याची मुदत कोणीं घातलेली आमच्या पाहण्यांत नाहीं. वरचीं हीं सारीं वचनें ‘शक्य असेल तेथवर’ या एका शब्दप्रयोगाच्या फटींतून गळून गेलीं आहेत.

आक्षेप अनेक आहेत, आणि त्यांना उत्तर देणें आमचें कर्तव्य आहे. पहिला आक्षेप: ‘या बोलींना लिपि नाहीं, पुस्तकें नाहींत, शिकवायचें कशांत?’ लिपि म्हणजे कांहीं जन्मखूण नव्हे. मराठी शेंकडों वर्षें मोडींत लिहिली गेली, आज देवनागरींत लिहिली जाते, म्हणून ती निराळी भाषा झाली नाहीं. गोंडीसाठीं स्वतंत्र लिप्याही निघाल्या आहेत. पण आपल्या कामापुरतें पाहिलें, तर देवनागरी तेथें सहज चालते. ‘येर’ हा शब्द लिहायला एक मात्रा व दोन अक्षरें पुरतात. गांवाला त्या भाषेंत ‘नार’ म्हणतात. तीं अक्षरेंही आपल्याच वर्णमालेंतील. मराठी वाचक ‘नार’ वाचील तर त्याला स्त्री दिसेल, माडिया मूल वाचील तर त्याला आपला गांव दिसेल. अक्षरें तींच, पण दुसऱ्याला आपला गांव दिसला, या एका घटनेंत वाचन जन्माला आलें. आणि हा आमचा कल्पनाविलास नव्हे. मुलचेऱ्यापासून फार दूर नसलेल्या आदिलाबाद जिल्ह्यांत, मार्लावाई या गांवीं, १९४३ सालीं निजामाच्या राजवटींत हें घडलें आहे. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकारानें तेथें गोंड तरुणांना शिक्षक करण्याचें केंद्र निघालें आणि गोंडी भाषेचीं पहिलीं पुस्तकें देवनागरींत तयार झालीं. पुढें राज्यें बदललीं, धोरणें बदललीं, ती योजना मागें पडली. पण निजामाच्या राज्यांत जें ऐंशी वर्षांपूर्वीं शक्य झालें, तें स्वतंत्र महाराष्ट्रांत अशक्य आहे, असें म्हणण्याचें धाडस आम्हांला होत नाहीं.

दुसरा आक्षेप: ‘एका वर्गांत चार भाषांचीं मुलें, किती भाषांत शिकवणार?’ तालुक्याच्या गांवीं वर्ग असे मिश्र असतील. तेथें निराळी योजना लागेल. पण आंतल्या टोल्यांवर वर्गाच्या वर्ग एकाच घरभाषेचा असतो, आणि बंगाली वसाहतींतही तेंच. जेथें प्रश्न सोपा आहे तेथें तो सोडवावयाचा नाहीं, कारण तो दुसरीकडे अवघड आहे, हा कोठला न्याय? ओडिशा राज्यानें २००६ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांपासून हें काम सुरू केलें. गोंडीची सख्खी बहीण कोया त्या दहांत होती. पुढें ती संख्या एकवीसवर गेली. तें काम निर्दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पण ओडिशा महाराष्ट्राहून श्रीमंत नाहीं, एवढें तर कोणीही कबूल करील.

तिसरा आक्षेप जरा मार्मिक आहे: ‘खुद्द आईबापांनाच मराठी व इंग्रजी हवी आहे, तुम्ही त्यांना त्यांच्या बोलींत कोंडून ठेवणार काय?’ आईबापांचें म्हणणें अगदीं रास्त आहे. कचेरींत, बाजारांत, दवाखान्यांत जी भाषा चालते ती आपल्या मुलांना यावी, असें कोणाला वाटणार नाहीं? पण त्यांना मराठी हवी आहे. मराठींतलें अपयश हवें आहे काय? आम्ही मराठी काढून घ्या असें म्हणत नाहीं. पहिल्या दिवसापासून मुलानें मराठी ऐकावी, बोलावी, मराठी गाणीं म्हणावीं. पण अक्षरांशीं पहिली ओळख मात्र त्यानें घरच्या भाषेंत करून घ्यावी. वाचण्याची कला माणूस एकदांच शिकतो. एका भाषेंत ती आली कीं दुसरींत तिची नुसती नेआण करावयाची असते. १९५३ सालीं युनेस्कोनें प्रसिद्ध केलेल्या अहवालानें हेंच मत जगापुढें मांडलें होतें. त्यांत नवें असें आम्ही कांहींच सांगत नाहीं. आणि ‘लोकांनाच आपली भाषा नको’ असें म्हणणाऱ्यांनीं याच गडचिरोली जिल्ह्यांतील मोहगांवाकडे पाहावें. धानोरा तालुक्यांतील या गांवच्या ग्रामसभेनें २०१९ सालीं स्वतःच्या हिमतीवर गोंडी माध्यमाची शाळा काढली. २०२२ सालीं ती शाळा अनधिकृत असल्याची नोटीस शिक्षणखात्याकडून आली, आणि गांवाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे धांव घ्यावी लागली. सरकारनें सोय करावयाची नाहीं, आणि लोकांनीं केली तर ती अनधिकृत! ३५०-अ कलमाचा हा अर्थ घटनाकारांनाही सुचला नसता.

चौथा आक्षेप कोणी मोठ्यानें बोलत नाहीं, पण मनांत पुष्कळांच्या असतो: ‘अशानें मराठीचें काय होईल?’ ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हां आपण सर्वांनीं पेढे वांटले. पेढे आम्हींही खाल्ले. पण जी भाषा दोन हजार वर्षांचा वारसा सांगते, तिनें माडिया मुलाच्या दोन वर्षांच्या अक्षरओळखीला भ्यावें, हें त्या वारशाला शोभतें काय? उलट आम्ही असें म्हणतों कीं, मराठीचें खरें नुकसान आजच्या पद्धतीनेंच होत आहे. जी भाषा मुलाला प्रथम भेटते ती न कळणारा घोष म्हणून, आणि पुढें तांबड्या शाईची फुली म्हणून, तिच्यावर तें मूल प्रेम कसें करील? तें मोठें झाल्यावर मराठी पुस्तक हातांत घेईल काय? मराठींत कांहीं लिहील काय? रानाचें, नदीचें, मोहाच्या दिवसांचें जें ज्ञान त्याच्यापाशीं आहे, तें मराठी साहित्यांत कधीं तरी येईल काय? एक वाचक गमावणें म्हणजे काय, हें मासिकें चालविणाऱ्यांना विचारावें. आपण दरसाल वर्गाच्या वर्ग गमावीत आहों.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं निबंधमाला काढली. मुलाची समज परक्या भाषेच्या ओझ्याखालीं चेंगरते, पाठांतर वाढतें आणि विचार खुंटतो, हें गाऱ्हाणें तेव्हांपासून आपण इंग्रजीविरुद्ध करीत आलों, आणि २०२५ सालीं हिंदीविरुद्ध केलें. गाऱ्हाणें खरें होतें. पण गाऱ्हाण्याचा एक गुण असतो. तो एकदां खरा ठरला कीं सर्वांच्या कामीं येतो. आज त्याच शब्दांत, एक अक्षर न बदलतां, मुलचेऱ्याचें मूल आपल्यापुढें तें मांडूं शकेल. फक्त ‘इंग्रजी’ आणि ‘हिंदी’ यांच्या जागीं तें ‘मराठी’ म्हणेल. हिशेबच पाहा. हिंदीचा निर्णय टिकला असता, तर आपल्या मुलाला घरची मराठी पहिली, २००० सालापासून पहिलींत आलेली इंग्रजी दुसरी, आणि हिंदी तिसरी झाली असती. माडिया मुलाला मराठी परकी, इंग्रजी त्याहून परकी, हिंदी आणखी एक. आणि घरच्या भाषेला जागाच नाहीं. आपण आपल्या मुलावरील तिसरें ओझें उतरवून घेतलें, पण त्याच्या पाठीवरील पहिल्या ओझ्याची आपणांस दखलही नव्हती. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कारटें, या म्हणीला इतकें चोख उदाहरण शोधूनही मिळावयाचें नाहीं.

करावयाचें काय, हें सांगितल्यावांचून टीका पुरी होत नाहीं. पहिलें, प्रत्येक टोल्यावरील शाळेंत पहिल्या दोन इयत्तांसाठीं मुलांची भाषा बोलणारी एक व्यक्ति, शक्यतों त्याच गांवची तरुण मुलगी, मानधनावर नव्हे तर शिक्षिका म्हणून घेण्याचा मार्ग खुला करावा. ती शिकत शिकत शिकवील. दुसरें, पहिलीं पुस्तकें माडिया, गोंडी व बंगाली या भाषांत, मुलांच्याच गोष्टींवरून तयार करावीं. तीं जाड नकोत, गुळगुळीत नकोत, पुष्कळ हवींत. माडिया व गोंडी पुस्तकें देवनागरींत छापावीं. बंगाली मुलाला बंगाली लिपि आधीं द्यावी, आणि मग देवनागरीची तिच्याशीं अक्षरागणिक तुलना करून दाखवावी. तिसरें, अक्षरें तक्त्याच्या क्रमानें न शिकवितां, ज्यांतून मुलाच्या ओळखीचे शब्द लौकर बनतात अशा लहान गटांनीं शिकवावीं. चार अक्षरें आणि दोन मात्रा आल्या कीं मुलाला दहा-पंधरा खरे शब्द वाचतां आले पाहिजेत. चौथें, रोज एक वाक्य मुलानें स्वतःचें सांगावें आणि तें लिहिलें जावें, आरंभीं शिक्षकाच्या हातून, पुढें त्याच्या स्वतःच्या. पांचवें, गडचिरोलीस २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे; तेथील भाषांचें ज्ञान तेथें नेमलेल्या शिक्षकांपर्यंत पोंचविणें हें त्याच्या नांवाला साजेसें काम होईल.

यांत अशक्य असें कांहींच नाहीं, हें दाखविणारीं माणसें याच महाराष्ट्रांत होऊन गेलीं. ताराबाई मोडक शहरांतील बालशिक्षण सोडून १९४५ सालीं बोर्डीस गेल्या, १९५७ सालीं कोसबाडच्या टेकडीवर. त्यांच्या बरोबरीनें अनुताई वाघ उभ्या राहिल्या. वारली मुलें गुरें राखायला जातात म्हणून शाळेंत येत नाहींत, असें दिसल्यावर त्यांनीं मुलांना नांवें ठेविलीं नाहींत. शाळाच कुरणावर नेली. जागेच्या बाबतींत त्यांनीं जें केलें, तेंच भाषेच्या बाबतींत करावयाचें आहे. मूल शाळेच्या भाषेपर्यंत येत नसेल, तर शाळेनें मुलाच्या भाषेपर्यंत जावें, आणि मग त्याचा हात धरून त्याला मराठीपर्यंत आणावें.

सुशिक्षित वाचकांस आमचें शेवटचें मागणें असें. पुन्हां कधीं मराठीच्या रक्षणासाठीं सभा भरेल, आणि ती भरेलच, तेव्हां आम्ही तेथें आनंदानें येऊं. पण त्या सभेंतील ठरावांत एक कलम मुलचेऱ्याच्या पहिल्या इयत्तेसाठीं असावें. आपल्या मुलासाठीं आपण जें मागतों, तेंच आणि तेवढेंच माडिया व बंगाली मुलासाठीं मागणारें. तें कलम ज्या ठरावांत नसेल, त्यावर सही करतांना आपला हात थोडा अडखळावा, एवढीच आमची इच्छा आहे.